मला धुऊ नका

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, कुत्र्याचा. आणि कुत्र्याचा म्हणजे काही साधासुधा नाही बरं का, चांगला दोन टोकांचा! मूठ एक, पुढे जाऊन भाग दोन, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक पितळी हूक. अख्ख्या गल्लीत माझ्यासारखा दुसरा दाखवा.

माझ्या अंगाला वास येतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नाक मुरडायचं असेल त्याने आत्ताच मुरडून घ्यावं. घामाचा, चिखलाचा, ओल्या कुत्र्याचा वास. मी राहतो लाँड्रीत. पुढे दुकान, मागे घर. जिकडे बघाल तिकडे परीटघडीचे कपडे, साबणाचा फेस, इस्त्रीची वाफ. त्या सगळ्या चकचकाटात मळका म्हणून मी एकटाच, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे. का, ते ऐका.

माझा जन्म समोरच्या दुकानातला. तिथे एक बॅगवाला बसतो. चेन बदल, चाक लाव, असली कामं करतो. मी मूळचा एका मोठ्या प्रवासी बॅगेचा जाड कापडी बंद. बॅग फाटून गेली, मी मात्र ठणठणीत राहिलो. खिळ्याला लटकून कंटाळलो होतो, तेवढ्यात एक दिवस लाँड्रीचे मालक तणतणत आले.

"दोन कुत्री, दोन पट्टे, आणि हात माझे दोनच! कपडे पोचवायला निघालो की इस्त्रीच्या घड्या काय दातात धरू?"

बॅगवाला हसला. "काका, बसा. एका हातात दोन्ही देतो तुमच्या." त्याने मला उतरवलं, कापलं, वळवलं, दुहेरी टाके घातले आणि ओढून बघितलं. "घ्या. हत्ती बांधलात तरी हूं की चूं करणार नाही." त्या दिवसापासून मी जो फुगलो तो फुगलोच.

माझ्या दोन टोकांना दोन जीव होते. डावीकडे बोचक्या, उजवीकडे चिमटी. लाँड्रीतल्या कुत्र्यांना नावं तरी दुसरी कसली मिळणार! बोचक्या लहानपणी धुवायला आलेल्या चादरींच्या बोचक्यात झोपायचा, म्हणून बोचक्या. चिमटी मागाहून आली. काडीसारखी होती, आणि आल्या आल्या कपडे वाळत घालायचे चिमटे पळवायला लागली.

बोचक्या म्हणजे भारदस्त काम. सकाळी कपडे पोचवायला निघालो की पुढारीपण त्याच्याकडे. कुठल्या दारी थांबायचं, कुठला जिना चढायचा, सगळं त्याला पाठ. तो थांबला की मालक थांबायचे आणि हातातली घडी त्या दारी द्यायचे. मालकांना वाटायचं आपण कुत्री फिरवतोय. मी मधला, मला खरं माहीत होतं की कोण कुणाला फिरवतंय.

आणि चिमटी? तिला रस्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. बोचक्याचं पोट जिथे असेल तिथे हिचं डोकं. तो वळला की वळायचं, तो बसला की बसायचं. खायलासुद्धा तो पहिला घास घेईपर्यंत थांबायची. रस्त्यात फटाका फुटल्यासारखा कुठे टायर फुटला की ती त्याच्या पोटाखाली शिरायची, आणि माझा असा गुंता व्हायचा की मालक म्हणायचे, "अरे, हा पट्टा आहे की शेवया!"

मग बोचक्या म्हातारा झाला. आधी मागे पडायला लागला, मग जिने सोडले. एका दुपारी तो उठेचना. मालकांनी त्याला चादरीत उचललं, रिक्षात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. चालायचं नव्हतं, त्यामुळे मला नेलं नाही. चिमटीलाही नेलं नाही. आम्ही दोघं दारात राहिलो, मी खिळ्यावर आणि ती खाली.

संध्याकाळी मालक एकटे परतले. हातात नुसती चादर होती. मालकीणबाईंनी चादरीकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मालक रडले नाहीत. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि धुवायला काढलं.

काय काय धुतलं म्हणून सांगू! ती चादर धुतली. बोचक्याची गादी उसवून कापूस टाकून दिला आणि खोळ उकळत्या पाण्यात घातली. त्याचा वाडगा घासला, गळ्यातला पट्टा साबणात भिजत घातला. तो झोपायचा तो कोपरा फिनेल टाकून खसाखसा घासला, भिंतीसकट. दुसरा कुणी फोटो लावून बसला असता. या माणसाला जन्मभर एकच येत होतं. रात्र झाली तरी त्यांच्या हातातला ब्रश खाली आला नाही, हे मी पाहिलंय.

मला मात्र मालकीणबाईंनी वाचवलं. मालक मागच्या न्हाणीत असताना त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, तयार कोटांवर घालतात त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलं, खालून गाठ मारली आणि तयार कपड्यांच्या दांडीवर एका जाड कोटाच्या मागे अडकवून टाकलं. जन्मात पहिल्यांदाच मला एवढा मान मिळाला, पण त्यात काही जीव रमेना.

कोटाच्या बाहीशेजारच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. चिमटी कोपऱ्यात गेली आणि तिने जमिनीला नाक लावलं. फिनेल! शिंकली. गादीच्या जागी गेली, वाडग्याकडे गेली, वाळत घातलेल्या चादरीखाली जाऊन उभी राहिली. सगळीकडे साबण. तिचा जोडीदार गेला एवढंच नव्हतं, तो कधी होता याची खूणच घरातून पुसली गेली होती. मग ती उंबऱ्यावर जाऊन बसली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

ती खाईना. मालकीणबाईंनी हाताने भरवलं, तर तोंडातला घास तसाच बाहेर. मालकांची मुलगी कॉलेजातून आली की तिला मांडीवर घेऊन, "चिमटे, माझी शहाणी ना गं तू," म्हणून दोघींचा जीव नकोसा करायची. मालकांनी नवा पट्टा आणला, एका टोकाचा, झगमगीत लाल. मी आतून बघितला. टाके एकेरी! चिमटीने तो घालू दिला, दारापर्यंत गेली आणि फतकल मारून बसली. ओढलं तरी ढिम्म. तिच्या फासळ्या मोजता येतील अशी ती वाळली. अशीच राहिली तर ही पण जाणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं.

बॅगवाल्याने सुचवलं, "एखादं पिल्लू आणा काका. विसरेल."

"माणसं विसरतात का रे अशी?" मालकीणबाई फटकन म्हणाल्या. तो आपल्या दुकानाकडे वळला.

अखेर जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचे पांढरे कोट आमच्याकडेच धुवायला असतात. त्या कोट न्यायला आल्या आणि उंबऱ्यावर चिमटीला बघून तिथेच खाली बसल्या. डोळे पाहिले, पोट चाचपलं.

"आजार काही दिसत नाही. वाट बघतेय ती. काका, त्याचं काही ठेवलंय का घरात?"

मालकांची छाती इतक्या दिवसांनी जरा वर आली. "छे! शब्द आहे माझा, एक केस सापडणार नाही. सगळं धुऊन लख्ख केलंय."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "तिथेच घोळ झाला की हो! तुम्ही डोळ्यांनी आठवण काढता, ही नाकाने काढते. तिच्यासमोर तो गेला नाही, आणि त्याचा वासही तुम्ही घालवलात. मग तिने समजायचं तरी काय? न धुतलेलं काही आहे का? एखादं फडकं तरी?"

आणि मग आमच्या लाँड्रीत जे कधी झालं नव्हतं ते झालं. सगळं घर मळ शोधायला लागलं! मुलगी कपाटाखाली पालथी पडली. मालकांनी केरसुणी झटकली, न्हाणीची मोरी तपासली, स्वतःच्या चपलांचे तळवे पाहिले. चपलासुद्धा धुतलेल्या. "असा कसा मी," म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. जन्मभराची कसोशी अंगावर उलटली की माणसाला कसं वाटतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

मी कव्हराच्या आत नुसता घुसमटत होतो. अरे, इकडे बघा! कोटाच्या मागे! पण पट्ट्याला कुठली वाचा!

मालकीणबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी हळूच कोट बाजूला केला आणि मला दांडीवरून काढलं.

"अहो, हा आहे. तुम्ही धुवायला घ्याल म्हणून लपवला होता."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दुपारी तुम्ही पडलात की गाठ सोडून जरा वास घ्यायची. मला वाटलं, असलं वेड मलाच लागलंय." आणि त्या रडता रडता हसायला लागल्या. "ती बिचारी खाली बसलेली, आणि मी वर एकटीच घेत होते."

खरंच घेत होत्या. रोज. गाठ सोडायची, नाक लावायचं, डोळे मिटायचे, परत गाठ मारायची. मी कुणाला सांगितलं नाही, आज सांगतोय.

प्लॅस्टिक उतरलं. चिमटीचे कान उभे राहिले. ती उठली, पाय लटपटत होते, पण आली. आधी मुठीपाशी हुंगलं, मग स्वतःच्या टोकापाशी, आणि मग डावीकडे. डाव्या टोकावर ती थांबली. किती वेळ! हुकाच्या वर जिथे बोचक्याच्या मानेचा वास मुरलाय तिथे तिने नाक खुपसलं आणि घशातून एक लांबलचक आवाज काढला. मग ती माझ्यावरच पसरली, हनुवटी डाव्या हुकावर ठेवली आणि झोपली. गाढ.

"झोपू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उठली की वाडगा ठेवा. लाडीगोडी नको, मागे लागणं नको. आणि उद्यापासून जुनाच रस्ता, जुन्याच वेळेला, याच पट्ट्याने."

त्या गेल्या. मालक खाली जमिनीवर बसले. माझी मूठ चिमटीच्या अंगाखालून बाहेर आली होती. त्यांनी ती उचलली आणि नाकाशी धरली. कपड्याला नुसतं हुंगून डाग तेलाचा की घामाचा ते सांगणारं नाक ते! काय सापडलं त्यांना कोण जाणे, पण जे दवाखान्यात झालं नाही, न्हाणीत झालं नाही, ते तिथे झालं. मालक ओक्साबोक्शी रडले. मी भिजलो. त्याला धुणं म्हणत नाहीत.

जागी झाल्यावर चिमटी वाडग्यापाशी गेली आणि सवयीने थांबली. पहिला घास घेणारा कुणी नव्हता. तिने वळून माझ्याकडे बघितलं, मालकांकडे बघितलं आणि मग स्वतःच खाल्लं. थोडंसंच, पण खाल्लं.

सकाळी आम्ही निघालो. उजव्या हुकाला चिमटी, डावा मोकळा. मोकळं टोक जमिनीवर खडखडत जाऊ नये म्हणून मालकांनी ते मुठीत धरलं. उंबऱ्याशी चिमटी थबकली. मालकांनी ओढलं नाही. तिने डावीकडे एकदा हुंगलं आणि पाऊल बाहेर टाकलं.

पुढची गंमत ऐका. मला वाटलं, रस्ता मालक आणि चिमटी दोघांनाही येत नाही! इतकी वर्षं दोघंही बोचक्याच्या मागे चालत आले होते, आणि मधल्या दिवसांत गिऱ्हाइकंच कपडे न्यायला दुकानात येत होती. मालकांनी बँकेतल्या साहेबांच्या विजारी शिक्षिकाबाईंच्या घरी दिल्या. बाईंनी वरून हाक मारली, "अहो, या कुणाच्या? यात मी दोनदा मावेन!" मालक ओशाळले. पण चिमटी तेवढ्यात पुढच्या जिन्याशी जाऊन थांबली होती, अगदी बोचक्या थांबायचा तशी. बरोबर साहेबांचा जिना! मी म्हटलं, पोरी, सगळं बघत होतीस की! पोटाला डोकं लावून चालत होतीस तरी.

आता पुढारीपण तिच्याकडे आहे. कधी ती एखादं दार चुकते, बिस्किट न देणाऱ्या माणसाचं तर हमखास. अधूनमधून मधेच थांबते, माझ्या डाव्या टोकाकडे नाक करते. मालक टोक खाली धरतात, ती हुंगते आणि आम्ही पुढे निघतो. बॅगवाला एकदा कात्री घेऊन आला, "काका, एक टोक कापून देतो, नीटनेटका दिसेल." मालकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कात्री पाठीमागे लपवली.

बोचक्याचा वास आता माझ्यातून विरत चाललाय. मला ठाऊक आहे, आणि त्याचं दुःख नाही. चिमटीला तो पूर्वीइतका लागत नाही. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी दोन जीव एकत्र वाढले आणि त्यातला एक गेला, तर साबण जरा उशिरा काढा. मागे राहिलेल्याला हुंगू द्या. तुम्हीही हुंगा, लाजू नका.

परवा सुट्टी होती. मालकांनी खिळ्यावरच्या सगळ्या वस्तू धुवायला काढल्या, छत्री, पिशव्या, टोपी, आणि सवयीने मलाही उचललं. बादलीपर्यंत नेलं. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी मला उजेडात धरलं, उलटसुलट केलं, अगदी गिऱ्हाइकाचा कपडा तपासतात तसं. मग परत आणून खिळ्यावर अडकवलं.

"अहो, तो राहिला ना धुवायचा?" मालकीणबाईंनी आतून विचारलं.

"राहू दे," मालक म्हणाले. "याला डाग नाही."

चला, निघतो. चिमटी दारात उभी आहे, आणि आज तिला घाई आहे.