उतरवलेलं इंजिन

तातेराव डायव्हर म्हणजे डिझेलच्या थेंबाला जीव लावणारा माणूस. उभी हयात त्यांनी हिंगोली डेपोत एसटी चालवली, आणि दहा लिटरमागं सगळ्यांपेक्षा जास्त किलोमीटर काढले म्हणून मिळालेलं प्रशस्तिपत्र पुसेगावच्या घरात देवांच्या फोटोंच्या रांगेत टांगलं. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्या अनोळखी पाहुण्याला पहिला प्रश्न हाच, "तुमची गाडी अ‍ॅव्हरेज किती देऊन राहिली?" उतार दिसला की त्यांचा उजवा पाय आपोआप वर उचलला जायचा, मग ते गाडीत असोत की बाजेवर. अशा माणसाची चूक झालीच तर कशापायी होणार, हे वेगळं सांगायला नको.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मारुती घेतली होती. चार गिअरची. सकाळी चोक ओढल्याशिवाय उठायची नाही, स्टार्टर मारला की दोनदा खोकायची आणि तिसऱ्यांदा धरायची. चावी काढली तरी इंजिन लगेच गप्प व्हायचं नाही, आणखी दोन धक्के द्यायचं आणि मगच थांबायचं. त्या दोन धक्क्यांची तातेरावांना फार लाज वाटायची. डायव्हरच्या दारात अशी गाडी म्हणजे नाक कापल्यासारखं. आशाबाई मात्र हसायच्या. गाडी खोकली की पदर खोचून म्हणायच्या, "खोकली बाई, आता निंघंल." आणि परत आल्यावर ते दोन धक्के बसले की, "आलं घर."

मग आशाबाईंना विसरायचा आजार लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, ते तातेराव एसटी स्टँडवर येईपर्यंत विसरले आणि स्वतःवरच चिडले. आधी मिठाचा डबा कुठं ते गेलं, मग शेजारपाजाऱ्यांची नावं गेली. परभणीला दिलेली लेक साधना फोनवर बोलली की आशाबाई अदबीनं म्हणायच्या, "ठेवते हं ताई." दिवसा कसंतरी निभायचं. पण उन्हं कलली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पिशवी भरायच्या, चपला घालायच्या, दारात येऊन उभ्या राहायच्या.

"अवो, उशीर झाला. घरी चला ना."

"अगं, हे घरच हाय आपलं."

"लोकाचं घर हाय हे. किती येळ बसावं मानसानं? चला ना, पाया पडते तुमच्या."

तातेरावांनी समजावून पाहिलं. एकदा ओरडूनही पाहिलं, आणि त्यानंतर रात्रभर त्यांना स्वतःच्या तोंडाची किळस आली. शेवटी एका संध्याकाळी वैतागून त्यांनी मारुती काढली, बाईला बसवलं, हिंगोली रोडनं फाट्यापर्यंत गेले आणि तिथून वळून परत आले. अंगणात गाडी उभी केली, चावी काढली, दोन धक्के बसले.

"आलं घर," आशाबाई म्हणाल्या. उतरल्या, चपला नीट भिंतीशी लावल्या, पाय धुतले आणि आत जाऊन शांतपणे भाकरी खायला बसल्या. तातेराव तसेच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. रडू आलं त्यांना, आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. दिवसातून कधीकधी आशाबाई त्यांच्याकडं परक्यासारखं बघायच्या, पण गाडी खोकून धरली आणि शेजारी बसल्या की तातेराव पुन्हा त्यांचे मालक व्हायचे. "हळू चालवा," म्हणायच्या. "तुमाला काय, एसटीच वाटती सगळी." एवढं एक वाक्य ऐकायला तातेराव काश्मीरपर्यंत गाडी न्यायला तयार होते.

अडचण होती ती पेट्रोलची. जुनी मारुती लिटरला चौदाच्या वर जाईना, आणि पेन्शन काही टाकीएवढी खोल नव्हती. एखाद्या आठवड्यात फेरी चुकवावी लागली की ती संध्याकाळ दोघांनाही खायला उठायची. शिवाय खरं सांगायचं तर पेट्रोलपेक्षाही जास्त त्यांना तो चौदाचा आकडा टोचत होता. प्रशस्तिपत्रवाल्या माणसाला रोज चौदा!

ते हिंगोलीत इनायत मिस्त्रीकडं गेले. इनायतचं गॅरेज डेपोच्या मागच्या गल्लीत. त्याच्या बापापासूनची ओळख, म्हणून तो यांना मामा म्हणायचा.

"मामा, बराबर सांगू का?" इनायत बॉनेटमध्ये डोकं घालूनच म्हणाला. "ह्याला कितीबी ट्युनिंग करा, चौदाचं पंधरा होईल. माझ्याकडं अ‍ॅक्सिडेंटच्या गाडीतलं नवीन इंजन पडून हाय. कार्ब्युरेटरची झंझट न्हाई, कॉम्प्युटरवर चालतं. संगं पाच गेअरचा बॉक्स. दोनी टाकू. पाचव्यात टाकली की गाडी पळती अन् इंजन झोपा काढतं. बावीस न्हाई दिलं तर नाव बदला माझं."

बावीस म्हटल्यावर तातेरावांचे डोळे असे चमकले की विचारू नका. ते रोज गॅरेजात जाऊन बसू लागले. कधी पुतण्याच्या सुनेला, शिवकन्येला आशाबाईंजवळ ठेवायचे, तर कधी त्यांनाच बरोबर नेऊन एका टायरवर बसवायचे. इनायतनं जुनं इंजिन साखळीनं वर ओढलं, नवं बसावं म्हणून चेसिसवर इंजिन धरणाऱ्या जुन्या पट्ट्या कापल्या, दुसऱ्या वेल्ड केल्या, शाफ्ट बदलले. आरटीओच्या एजंटाला धरून कागदावरही इंजिनाचा नवा नंबर चढवून घेतला. काम चोख होतं, त्यात खोट काढायला जागा नाही.

गॅरेजचा एक रिवाज असतो. उतरलेला माल मिस्त्रीचा. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. तरी इनायतनं रीत म्हणून विचारलं, "मामा, हे जुनं?"

"ने ते डबडं," तातेराव म्हणाले. "दोन धक्के देऊन देऊन अब्रू घालवली त्यानं माझी."

पहिल्या दिवशी त्यांनी एकट्यानं गाडी कळमनुरीपर्यंत नेऊन आणली. टाकी फुल करून मोजलं, तर तेवीस! इनायतला त्यांनी भर गल्लीत मिठी मारली. पाचव्या गिअरमध्ये गाडी इतकी गप्प पळत होती की खिडकीतून रस्त्याकडेच्या ज्वारीची सळसळ ऐकू येत होती. आता पाऊस असो की महिनाअखेर, रोज फेरी व्हायची म्हणजे व्हायची. आशाबाईला एकाही संध्याकाळी दारात रडत उभं राहावं लागणार नाही, या विचारानं ते घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

संध्याकाळी आशाबाई पिशवी घेऊन दारात आल्या. तातेरावांनी ऐटीत चावी फिरवली. इंजिन लागलं. लागलं हे फक्त तातेरावांना कळलं.

"बस ना. चल घरी."

"कोनाची गाडी ही?"

"आपलीच हाय."

"न्हाई ओ. आपली गाडी खोकती." आणि त्या अंगणातल्या दगडावर बसल्या. "आमचे मालक गाडी घेऊन येऊन राहिलेत. मी थांबते."

"मीच हाय ना तो!"

आशाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि पदर सावरून जरा बाजूला सरकल्या.

त्या संध्याकाळी त्या गाडीत बसल्या नाहीत. दुसऱ्याही नाही. उचलून बसवलं तर किंचाळल्या, शेजारचा रणजीत धावत आला. एकदा शिवकन्येच्या मदतीनं फेरी झालीसुद्धा, पण परत आल्यावर चावी काढली, गाडी मुकाट झाली, आणि आशाबाई आतच बसून राहिल्या. घर आलंच नव्हतं त्यांचं. रात्र होईपर्यंत विचारत राहिल्या, "अजून किती दूर हाय?"

तातेराव पुन्हा इनायतकडं गेले. इनायतनं सायलेन्सरला भोक पाडून दिलं. आवाज मोठा झाला, पण तो आवाज काही झाला नाही. मग एका संध्याकाळी, लिहायलाही बरं वाटत नाही असं, त्या साठी उलटलेल्या माणसानं गाडीत बसून तोंडानं स्टार्टरचा आवाज काढला. दोनदा खोकला, तिसऱ्यांदा घुर्र केलं, आणि अंगानंच दोन धक्के दिले. आशाबाई दगडावरून बघत होत्या. "तब्बेत बरी न्हाई का तुमची?" त्यांनी काळजीनं विचारलं. "पानी देऊ का?"

तातेरावांनी हात टेकले. तेवीसचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी दारात उभी, टाकी भरलेली, आणि बायकोला घरी नेता येत नव्हतं.

"इनायत, माझं जुनं इंजन दे," ते म्हणाले. "होतं तसं करून दे सगळं."

इनायतनं हात पुसायचा बोळा खाली ठेवला. "मामा, ते तर मी कवाच देऊन टाकलं. कळमनुरीच्या अलीकडं कलीम हाय ना, हळद पॉलिश करतो, त्याच्या ढोलाला लावलं. अन् आनलं तरी बसवू कुठं? जुन्या पट्ट्या मी कापून टाकल्या. तुमीच तर उभे होते." मग तो म्हणाला, "मला ठाऊक असतं तर हात लावला नसता. खुदा की कसम."

"मला तरी कुठं ठाऊक व्हतं?" तातेराव म्हणाले.

तरी ते निघाले. माणूस निघतोच. आशाबाईंना घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार, म्हणून बरोबर घेतलं. दुपारची वेळ बरी असायची. दुपारी त्या पाहुण्यासारख्या अवघडून गाडीत बसल्या. "चांगली हाय गाडी," म्हणाल्या. "लई म्हागाची असंल."

कलीमचं घर रस्त्यालगतच होतं. अंगणात लोखंडी ढोल फिरत होता, त्यात शिजवून वाळवलेली हळद घासली जात होती, आणि अंगण, भिंत, लिंबाचं झाड, कलीमच्या भुवया, सगळं पिवळं झालं होतं. ढोलाशेजारी अँगलच्या चौकटीवर बसवलेलं ते इंजिन पट्ट्यानं ढोल ओढत होतं. तातेरावांनी लांबूनच ओळखलं. त्यांना एकदम भरून आलं, जणू कुणी नातलग परक्या गावात मजुरीला लागलेला दिसावा.

"लाइटीचा भरवसा न्हाई, म्हनून हे बसवलं," कलीम म्हणाला. "पेट्रोल लई पितं, पन दगा देत न्हाई." तातेरावांनी सगळी हकीकत सांगितली. कलीम ऐकत राहिला. त्याचा चेहरा पडला. "काका, नेऊन काय कराल? गेअरबॉक्सचं तोंड कापून पुली वेल्ड केली मी. अन् सीझनच्या मधी मी तरी काय करू, सांगा?"

तातेरावांनी मान हलवली. उन्हं कलायला लागली होती, घरी निघायला हवं होतं, आणि घरी जाऊन काय होणार हेही त्यांना ठाऊक होतं.

वळून पाहिलं तर आशाबाई गाडीत नव्हत्या.

त्या इंजिनाजवळ पोत्यावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, पदर खोचलेला. अंगावर हळदीची धूळ बसत होती आणि त्या समोर बघत होत्या, जसं काचेतून रस्ता बघावा तसं. तोंडावर इतकी स्वस्थता होती की तातेरावांचे पाय जागीच थांबले. कितीतरी दिवसांत त्यांनी तिला असं पाहिलं नव्हतं.

ते जाऊन शेजारच्या पोत्यावर बसले.

"हळू चालवा," आशाबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या.

"व्हय," तातेराव म्हणाले. "हळूच चालवून राहिलो."

ढोलातली हळद घासून झाली. कलीम पलीकडून आला आणि बंद करू का म्हणून त्यानं खुणेनं विचारलं. तातेरावांनी हात वर केला, थांब म्हणून. कलीम थोडा वेळ थांबला, पण ढोल उगाच किती फिरवणार? त्यानं चावी फिरवली. इंजिनानं आपले दोन धक्के दिले आणि गप्प झालं.

"आलं घर," आशाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि सरळ कलीमच्या घराकडं चालू लागल्या. चपला नीट भिंतीशी लावल्या. रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले. कलीमची आई, खुर्शीदबी, ओसरीवर तांदूळ निवडत होती, ती चकित होऊन बघत राहिली. आशाबाई तिच्याशेजारी बसल्या, पिशवी बाजूला ठेवली आणि तिच्या ताटातले तांदूळ निवडू लागल्या.

"आलो बाई एकदाचं घरी," त्या म्हणाल्या. खुर्शीदबीला काय समजलं कोण जाणे, तिनं ताट मधे सरकवलं.

तातेराव उंबऱ्यापाशी आले. "अगं, ऊठ. आपल्याला पुसेगावला जायचंय."

आशाबाईंनी मान वर केली. दारात परका पुरुष पाहून त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि बाजेकडं हात केला.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "आमचे मालक गाडी लावून येऊनच राहिलेत."

तातेरावांनी चपला काढल्या, तिच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि बाजेच्या कडेला बसून तिच्यासोबत दाराकडं बघू लागले.