रेशमाखालची वाट

एमाने कुंचा खळीत बुडवला, झटकला आणि पिवळ्या रेशमावरून एका दमात ओढत नेला. चर्चच्या भिंतीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत ताणा पसरला होता. बांबूच्या तिवयांवर, कमरेइतक्या उंचीवर, शेकडो उभे धागे. ते एकमेकांत जाऊ नयेत म्हणून मध्ये मध्ये आडव्या काठ्या घातलेल्या. भिंतीकडच्या टोकाला तिचा नवरा कॉस्मास खुंट्याला पाठ लावून बसला होता. मोतीबिंदू उतरल्यापासून त्याला ऊन आणि सावली एवढंच कळे. पण ताण्याचं टोक त्याने अजून कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

"डावीकडं सैल पडलाय," तो म्हणाला.

"बगते मी."

ठाण्याच्या या गल्लीत एके काळी घरोघरी माग होते. पोर्तुगिजांच्या अमलात ख्रिस्ती झालेली ही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या रेशीम विणत आली होती. त्यांनी विणलेले पीतांबर नेसून गावातले ब्राह्मण पूजेला बसत. नेसण्याआधी एकदा पाण्यातून काढत, इतकंच. मग आगगाडीने मुंबईहून स्वस्त कापड येऊ लागलं आणि एकेक माग सरपणात गेला. आता उरला तो कॉस्मासचा. त्यावरही बऱ्याच दिवसांनी काम आलं होतं. तळ्यापलीकडच्या हौसाबाईंनी नातवाच्या मुंजीसाठी पीतांबर सांगितला होता. त्यांचा मुलगा त्र्यंबक तो नेसून मुंज लावणार होता. हौसाबाई स्वतः या गल्लीत कधी आल्या नव्हत्या. निरोप गड्याकरवी आला होता.

कॉस्मासच्या नजरेवाचून ताणा लावायची एमाची ही पहिलीच वेळ. हा बिघडला तर पुन्हा कुणी काम सांगणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गल्लीच्या तोंडाशी चेंदणीचा धाकू कोळी धावत आला. त्याच्या खांद्यावरचं जाळं निम्मं खाली लोंबत होतं.

"एमाबाय, आवर ह्ये! मयत येतंय इकडून."

"इकडून? इकडून कशाला?"

"देवळाच्या रस्त्यात शिवरात्रीचं मांडव घातल्यात. तिथनं कसं नेतील?" धाकूने धाप टाकली. "हौसाबाय गेल्या. पहाटं."

एमाच्या हातातला कुंचा तसाच राहिला. खळीचा एक थेंब तिच्या पायावर पडला.

ताणा गुंडाळता येणार नव्हता. खळ ओली होती. गुंडाळला असता तर धाग्याला धागा चिकटून सगळ्याचा गोळा झाला असता. आणि गल्ली एवढी अरुंद, की ताण्याच्या कडेने एक माणूस कसाबसा जाई. चौघांच्या खांद्यावरची तिरडी जाणं शक्य नव्हतं.

रामनामाचा घोष जवळ आला. सर्वांत पुढे त्र्यंबक होता. ओलं धोतर, उघडं अंग, हातात विस्तवाचं मडकं. गल्लीभर पसरलेलं ते पिवळं रेशीम पाहून तो थांबला. मागे तिरडी थांबली. घोषही विरला.

"अहो, काढा ते!" त्र्यंबकचा मेहुणा पुढे होऊन ओरडला. "प्रेत असं वाटेत थांबवतात का? तोडा आणि वाट द्या!"

एमा ताण्यासमोर उभी राहिली.

त्र्यंबक रेशमाकडे पाहत होता. "हा आईनं सांगितलेला का?" त्याने विचारलं.

एमाने मान हलवली.

मडक्यातून धुराची बारीक रेघ वर चढत होती. मागे कुणीतरी खाकरलं.

"एमा," भिंतीकडून कॉस्मासचा आवाज आला. "तोडू नको. वर घे."

"वर? एवढी माणसं कुठून आणू?"

"गल्लीत माणसं नायत काय?"

एमा काठ्यांच्या रांगेकडे पाहत राहिली. प्रत्येक काठीला दोन्हीकडून एकेक माणूस लागणार. सगळ्या काठ्या एकाच वेळी, सारख्याच उचलल्या तरच रेशीम टिकणार. आणि टिकलं तरी? ज्याच्याखालून प्रेत गेलं, तो पीतांबर मुंजीला कोण नेसेल? तिने एकदा तिरडीकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि पहिल्या काठीला हात घातला.

धाकूने जाळं भुईवर टाकलं आणि समोरची बाजू धरली. दारादारांतून बायका उतरल्या. कुणाच्या हाताला पीठ होतं, ते लुगड्याला पुसलं गेलं. कोळणी टोपल्या ठेवून आल्या. तरीही मधल्या काठ्या रिकाम्याच होत्या. तेव्हा अंत्ययात्रेतले एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि एका कोळणीच्या समोर उभे राहिले. त्यांच्या मागून दुसरे आले. शेवटी मेहुणाही आला.

कॉस्मास उठला. टोकाचा दांडा त्याने छातीशी धरला आणि मान वर करून हाळी दिली. गल्लीतले माग गेल्यापासून ही हाळी कुणी ऐकली नव्हती. ताणा उचलताना जुने विणकर रेशमालाच अशी साद घालत.

"ये गो बाय… खांद्याला ये…"

काठ्या हलल्या. रेशीम थरथरलं.

"हलू ये, बाय… माथ्याला ये…"

आणि ताणा उठला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाही धाग्याला ढिलाई न येता, तो माणसांच्या डोक्यांवर गेला. गल्लीतल्या पोरांनी खालच्या तिवया घरांच्या कडेला सारल्या. एवढे हात वर झाले होते, पण बांगडीचाही आवाज नव्हता. सूर्य नुकताच कौलांवर आला होता. ऊन रेशमातून पाझरून खाली उतरलं आणि रोजची ती धुळीची, मासळीच्या वासाची गल्ली हळदीच्या रंगात बुडून गेली. एमा जन्मभर रेशमाशेजारी राहिली होती. रेशमाखाली ती कधी उभी राहिली नव्हती.

त्र्यंबकने मडकं छातीशी घेतलं. आत निखारे तडतडत होते. त्याने वर पाहिलं, मग आपला तळहात मडक्याच्या तोंडावर धरला आणि चालू लागला.

मागून तिरडी आली, खांद्यांवरून उतरवून हातांवर घेतलेली. हौसाबाईंचा चेहरा उघडा होता. त्यावरून पिवळा उजेड सरकत गेला, कपाळावरून गालांवर, गालांवरून मिटल्या ओठांवर. घोष करायचं कुणाला सुचलं नाही. कॉस्मासची हाळी तेवढी चालू होती, सावकाश, एका सुरात. धाकूच्या दंडांना कंप सुटला होता, तरी त्याची काठी ढळली नाही.

तिरडी भिंतीपाशी वळून खाडीकडे गेली. तिवया मांडल्या गेल्या आणि ताणा पुन्हा त्यांवर उतरला. एमा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून पाहत गेली. एकही धागा तुटला नव्हता. ती तिथेच धुळीत बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली.

दिवसपाणी आटोपल्यावर त्र्यंबक आला. डोकं भादरलेलं, उजव्या तळहाताला चिंधी. कॉस्मास ओट्यावर होता. आत एमा मागावर बसली होती. नको म्हणून निरोप येईपर्यंत विणत राहायचं तिने ठरवलं होतं. त्याला पाहताच तिने हात थांबवला.

"मुंज पुढच्या वर्षावर गेली," त्र्यंबक उंबऱ्याबाहेरून म्हणाला. "तेव्हा दुसरा सांगेन."

एमाने धोट्याकडे पाहिलं. "आनि ह्यो?"

"हा विणा तुम्ही. आईच्या श्राद्धाला मी हाच नेसणार."

एमाने धोटा पुन्हा हातात घेतला. त्र्यंबक लगेच गेला नाही. थोडा वेळ तो मागावरच्या रेशमाकडे पाहत राहिला. मग ओट्याच्या पायरीवर, कॉस्मासच्या जवळ बसला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही आईला जे म्हणत होता… खांद्याला ये, माथ्याला ये… ते तुमच्या प्रार्थनेतलं का? घरी सगळे विचारतात. मला ते विसरता येत नाही."

एमाने तोंड उघडलं. कॉस्मासने आवाजाच्या दिशेने मान वळवली होती. त्याचे पांढुरके डोळे त्र्यंबकच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला स्थिरावले.

"न्हाय, प्रार्थनेतलं न्हाय," तो म्हणाला. "तिलाच म्हनत व्हतो."