मागच्या बटणाचा ठिपका

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर भाचीने मला तिच्या कामात ओढलं. जुन्या यंत्रांच्या वायरिंगचे हाताने काढलेले नकाशे ती कॉम्प्युटरवर नव्याने काढून देते.

"मामा, विजेतलं तुला काही कळत नाही तेच बरं," ती म्हणाली होती. "जसं आहे तसं काढशील."

ही स्तुती होती की काय, ते मी विचारलं नाही. काम मात्र आवडलं. बटण, रिले, मोटर, ज्याचं त्याचं चिन्ह ठेवलं की सॉफ्टवेअर त्याला क्रमांक देतं आणि सुट्या भागांची यादी आपली आपण तयार होते. दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे मात्र आपण ठरवायचं. ठिपका दिला तर तारा जोडलेल्या, नाही दिला तर नुसत्या एकीवरून दुसरी गेलेली.

एका लॉंड्रीतल्या चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या यंत्राचा नकाशा आला होता, म्हणजे त्याचा फोटो. यंत्र थांबवायची दोन बटणं होती, एक पुढे, एक मागे. मागच्या बटणाची तार पुढच्या बटणाच्या तारेला छेदून पलीकडे एका रिकाम्या टोकावर संपत होती. छेदावर ठिपका होता. मीही दिला. म्हणजे मागच्या बटणानेही यंत्र थांबणार.

तीन दिवसांनी फोटो मोठा करून तपासताना तो ठिपका तपकिरी दिसला. समासात, जिथे तारच नव्हती, तिथेही तसेच दोन होते. माशी कागदावर बसून गेली की नको तिथे अनुस्वार उमटतो, हे मी छापखान्यात पुष्कळदा पाहिलेलं. तरी माझंच चुकत असेल म्हणून भाचीला दाखवायला संध्याकाळ केली.

"ठिपका काढून बघ," भाची म्हणाली.

काढला. सॉफ्टवेअरने चुकीची लाल खूण दाखवली. मागचं बटण कशालाच जोडलेलं नव्हतं.

"मग ठेव परत. उद्या द्यायचाय नकाशा. मक्षिकास्थाने मक्षिका!"

"माशीच आहे गं ती."

ती हसली, मग हसायची थांबली.

सकाळी आम्ही लॉंड्रीत गेलो. पुढे एक बाई ओल्या चादरी रुळांत सारत होती, मागे दुसरी घड्या घालत होती. मागचं बटण तिच्या उजव्या हाताशी होतं.

"काका, मी इथे लागल्यापासून हे यंत्र चालतंय," माशीची गोष्ट ऐकून तिथला फिटर म्हणाला. "तुमच्या माशीला विचारून नाही चालत."

मी माफी मागणारच होतो. भाचीने कोपर मारलं.

"एकदा दाबून बघता का?" मी म्हणालो.

"काय?"

यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा विचारणं मला नेहमीच जड जातं. पण विचारलं.

त्याने बटण दाबलं. रूळ फिरत राहिले. अंगठ्याने जोर लावून पुन्हा दाबलं. चादर बाहेर येतच होती, घडीवाल्या बाईला ती धरावी लागली. शेवटी फिटरने पुढे जाऊन तिथलं बटण दाबलं, तेव्हा यंत्र थांबलं.

"गेल्या महिन्यात माझी बाही अडकली होती," घडीवाली म्हणाली. "तेव्हा दाबलं होतं मी. दोनदा. मग ही पुढून धावली."

"अगं, मग बोलायचंस की!" पुढची म्हणाली.

"काय बोलू? मला वाटलं, मलाच दाबता येत नाही."

फिटरने मुख्य पुरवठा बंद करून पेटी उघडली. त्या रिकाम्या टोकापासून पुढे तार कधी गेलीच नव्हती. त्याने वीतभर तुकड्याने ते टोक पुढच्या बटणाच्या तारेला जोडलं आणि पेटी लावली. यंत्र सुरू झाल्यावर भाचीने घडीवालीलाच बटण दाबायला सांगितलं. तिने एका बोटाने दाबलं. रूळ थांबले. तिने बोट लगेच उचललं नाही.

परत येऊन मी ठिपका दिला. लाल खूण गेली. माशीच्या ठिपक्याचा आधीचा नकाशा आणि हा, दोन्ही शेजारी ठेवून दोनदा तपासले. फरक फक्त तारखेत होता.