अखंड एक्सलचा हट्ट

डोंगरावरच्या दवाखान्याची रुग्णवाहिका मी एकवीस वर्षं सांभाळतोय. आता नवी घ्यायची ठरली आणि कुठली घ्यायची ते मेकॅनिकने, म्हणजे मी, लिहून द्यायचं होतं. माझं उत्तर तयारच होतं: आत्ताच्या गाडीसारखीच, पुढे अखंड एक्सलवाली. दोन चाकांमध्ये एकच जाडजूड दांडा. दगडावर आपटला तरी हूं की चूं नाही. वाकलाच तर ठोकून सरळ करायचा, गाडी पुन्हा रस्त्यावर.

दुसरी ती इंडिपेंडंट सस्पेन्शनवाली. तिचं प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. बसायला मऊ, मान्य. पण सगळे नाजूक सांधेच सांधे, वरचं रबर फाटलं की आत माती गेलीच. खिंडीत बंद पडली तर पेशंटला काय मी खांद्यावर घेऊ?

"तुझ्या या गाडीपेक्षा खांदा परवडला," बहीण म्हणाली. ती तिथलीच नर्स. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण तोंड माझ्या दुप्पट. "दादा, इतकी वर्षं गाडीखाली झोपलास. आता एकदा गाडीत झोपून बघ."

मला असलं कुणी बोललं की राहवत नाही. दुपारीच स्ट्रेचरवर आडवा झालो. ड्रायव्हरला म्हटलं, "चल पुलापर्यंत, नेहमीच्या वेगाने." बहिणीने पट्टे आवळले आणि शेजारी बसली.

डावं चाक दगडावर चढलं तशी अख्खी गाडी उजवीकडे कलंडली. दांडा एकच ना! मग धाडकन खाली. तिसऱ्या वळणाला जीभ चावली. पूल दिसायच्या आतच ओरडलो, "अरे थांबव रे बाबा!" आणि मी धडधाकट माणूस, अंगात साधी कणकणही नव्हती.

"एवढे हाल होतात, तर मग बाबा कसे गप्प आले?" मी घाम पुसत विचारलं. तीन वर्षांपूर्वी बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा याच गाडीतून त्यांना खाली नेलं होतं. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागून आवाज म्हणून आला नव्हता. तेव्हापासून ती गोष्ट मी गाडीचं कौतुक म्हणून भेटेल त्याला सांगत आलोय.

बहीण माझे पट्टे सोडवू लागली. "टॉवेलचा बोळा तोंडात धरला होता त्यांनी. मी तुला हाक मारणार, तर मानेनेच नको म्हणाले. नंतर म्हणाले, त्याला सांगू नकोस, त्याचा फार जीव आहे या गाडीवर."

"आणि तू तीन वर्षं गप्प बसलीस?" माझा आवाज चढला.

"शब्द दिला होता त्यांना."

बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. आता माफी तरी कुणाची मागायची? लाज वाटली, आणि रडूही आलं.

दवाखान्यात परतल्यावर कागद घेतला आणि लिहिलं: इंडिपेंडंट सस्पेन्शनवाली घ्यावी. ही जास्त बिघडेल. सुटे भाग गाडीतच ठेवावेत आणि प्रत्येक फेरीला मेकॅनिकने सोबत जावं, मागे पेशंटजवळ बसून.

बहिणीने वाचलं. "मागे कशाला? इंजिन तर पुढे आहे."

"असू दे," मी म्हटलं. "मला मागे बसायचंय."