उजवा वेढा

मित्रांनो, तांब्याच्या तारेचे सहा वेढे आणि पाठीला एक पत्रा, असा मी जुना अँटेना आहे. दिसायला गादीतली स्प्रिंग, पण ऐट विचारू नका! उपग्रहाच्या लहरी मळसूत्रासारख्या फिरत येतात. माझ्या वेढ्यांची फिरकी त्यांच्याशी जुळली तरच त्या मला पकडता येतात. शिवाय एकाच लहरीवर अडून बसायचं नाही, लांब-आखूड पुष्कळ झेलायच्या, असं माझं काम.

आराखडा इंजिनिअर बाईंचा होता. 'उजवा वेढा' असं त्यांनीच कागदावर लिहिलं होतं. मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं आणि दोन दिवस खपून मला घडवलं. बाईंनी माझं तोंड भरून कौतुक केलं. मी नुसता फुगून गेलो.

चाचणीच्या दिवशी मला लहरी गोळा करून माझ्याकडे परतवणाऱ्या मोठ्या तबकडीसमोर, तिच्याकडे तोंड करून बसवलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून उपग्रहासारख्याच फिरत्या लहरी सोडल्या. मला जोडलेल्या मापकाचा काटा जेमतेम थरथरला. साहेब तडकले. मिस्त्रींनी वेढा उलटा घातलाय, त्यांचे हात आता थकले, उद्यापासून त्यांना खोकी बांधायला बसवा, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. तीस वर्षं तार वळणारा माणूस मान खाली घालून उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मात्र विचारात पडल्या होत्या. त्यांनी मला काढून थेट गच्चीच्या दिशेने धरलं, तर काटा टुणकन वर! त्यांचा चेहरा उतरला. आरशात उजवा हात डावा दिसतो ना, तशी तबकडीवर आपटून परतणाऱ्या लहरीची फिरकी उलटते. तबकडीसाठी डावाच वेढा हवा होता. नेमकं हेच त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

"साहेब, मिस्त्रींनी कागदाबरहुकूम केलंय. कागद माझा चुकला," त्या म्हणाल्या.

साहेब वरमले. मिस्त्री लगेच डावा वेढा घालायला बसले. तो माझा धाकटा भाऊ तबकडीसमोर विराजमान झाला आणि मी अडगळीत गेलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. वर्षानुवर्षं धूळ खात पडलो, तांबं काळं पडलं.

मिस्त्री निवृत्त झाले त्या दिवशी बाईंनी मला शोधून काढलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. पाठीच्या पत्र्यावर कोरून घेतलं होतं, 'काम अचूक'. मिस्त्री त्या अक्षरांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मला जपणारा आहे. पण कुणाच्या हाताला बोल लावण्याआधी, आपला कागद एकदा बघत जा.