पिशवीत गेलेलं नाणं

"काका, काचेला नाक लावू नका, डाग पडतो," दुकानदार आतून दोनदा म्हणाला, तरी आमचे हे हलेनात. चष्मा कपाळावर, नाक काचेला, तोंडाचा रंग उडालेला. जुन्या नाण्यांचं दुकान ते. काचेमागे निळ्या मखमलीवर एकच नाणं ठेवलेलं, आणि त्याचा ठसा एका कडेला घसरलेला, झोपेत पांघरूण घसरावं तसा.

"तेच आहे," हे म्हणाले.

कुठलं, ते मला विचारावं लागलं नाही. एकतीस वर्षं ते नाणं आमच्या घरात बिनभाड्याने राहत होतं.

हे टांकसाळीत होते. पट्ट्यावरून नवी नाणी धावत यायची, त्यातली ठसा चुकलेली, कड तुटलेली तेवढी ह्यांनी उचलायची आणि वितळवायच्या डब्यात टाकायची. नजर अशी, की शेजारणीच्या घरात नाणं पडलं तर हे आमच्या घरात बसून सांगायचे, कड घासलेली आहे. खोटं नाही सांगत, जरासं वाढवून सांगते. मला पहिल्यांदा भेटले तेव्हासुद्धा आधी समोरून बघितलं, मग मान वाकडी करून बाजूने. मी म्हटलं, वितळवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा.

आमची लेक झाली त्या दिवशी शिपाई पट्ट्यापाशी सांगत आला, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. नेमकं त्याच घटकेला हे घसरलेलं नाणं समोरून गेलं. ह्यांनी बघितलंही. पण हात उचलेपर्यंत ते पिशवीत पडलं, आणि पिशवी शिवून गाडीत. बाहेर कुणाला बोलले नाहीत, फक्त मला. तेव्हापासून हातात आलेलं प्रत्येक नाणं उलटंपालटं करून बघायचं. मागे रांग खोळंबायची, लोक म्हणायचे, काय संशयी माणूस आहे. संशयी कसला, हरवलेलं लेकरू शोधत होते बिचारे. निवृत्त होताना साहेबांनी भाषण केलं, ह्यांच्या हातून एकही चूक झाली नाही म्हणून. तेव्हा हे असे मान खाली घालून बसले, जणू शिक्षा सुनावली जातेय.

मी ह्यांना दंडाला धरून आत नेलं आणि किंमत विचारली. दुकानदाराने सांगितली. तेवढ्या पैशांत आमचं छप्पर नवं होऊन वर एक खोली निघाली असती.

"एवढी मोठी चूक होती?" हे पुटपुटले आणि स्टुलावर बसले.

शेजारच्या ताटलीत काळपट नाण्यांचा ढीग होता. ती म्हणे दोन हजार वर्षांची, आणि किंमत भाजीपाल्याची. मी म्हटलं, हा कुठला न्याय? दुकानदार हसला. म्हणाला, "आजी, वय कोण विचारतं? ही हंडेच्या हंडे सापडतात. किती उरलीत, किती जणांना हवीत आणि अंग कसं राहिलंय, ते बघतात." कालच कुणी एक जण आजोबांचं नाणं राखेने घासून चकचकीत करून घेऊन आला होता. नाण्यावरचा चेहराही गेला आणि किंमतही.

"मग ह्याला एवढी का?" ह्यांनी खाली बघतच विचारलं.

"कारण त्या सालचं असं दुसरं नाहीच. बाकी सालांची चुकलेली पुष्कळ येतात. ह्याचा जोडीदार मी वीस वर्षं शोधतोय. तेव्हा पट्ट्यावर कोण बसला होता देव जाणे, डोळे होते की चिमटे. तो जरा आंधळा असता ना, तर हे कवडीमोल झालं असतं."

मला कुठलं राहवतंय. म्हटलं, "ते काय, बसलेत तुमच्या स्टुलावर." आणि लेकीच्या जन्मापासून सगळं सांगून टाकलं. ह्या वेळी न वाढवता.

दुकानदार उठून उभा राहिला. काच उघडून त्याने नाणं ह्यांच्या तळहातावर ठेवलं, भिंग दिलं. मग हळूच म्हणाला, "काका, अजून एखादं कुठे सोडलंय का? दोघांचंही भलं होईल."

"नाही," हे म्हणाले. "एकच."

हा शब्द मी एकतीस वर्षं ऐकत आलेय. मान वर करून म्हटलेला पहिल्यांदा ऐकला.

परतताना बसमध्ये कंडक्टरने सुटे दिले. मी सवयीने चष्मा पुढे केला. ह्यांनी सुटे तसेच खिशात टाकले आणि खिडकीबाहेर बघत बसले. जरा वेळाने मान माझ्या खांद्यावर कलली. आमचा थांबा गेला, पुढचाही गेला. मी उठवलं नाही.