डिकीतला गालिचा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. दिवाणखान्यात मिरवणारा नव्हे, गाडीच्या डिकीत राहणारा. शिराझजवळच्या माळावर, काळ्या तंबूत, एका आईने मला लेकीच्या लग्नासाठी विणले. त्या लेकीचे नाव माहरुख. तिचा नवरा इरज शाळेत भूगोल शिकवी आणि सुट्टी लागली की त्याचा पाय घरात ठरत नसे.

दर वसंतात नवरोजला, म्हणजे आमच्या नववर्षाला, चहाचा थर्मास, साखरेचे खडे, सूर्यफुलाच्या बिया आणि मी, अशी आमची वरात निघे. गालिचा अंथरून चहा प्यायल्याशिवाय एखादे स्थळ पाहिले असे आमच्याकडे कोणी मानत नाही. तख्त-ए-जमशीदच्या प्राचीन, पडक्या राजवाड्याचे खांब मी बाहेरच्या पाइनच्या झाडाखालून पाहिले. छप्पर कधीच गेले, तरी ते ताठ उभे आहेत. इस्फहानच्या जुन्या पुलाशी रात्री लोक गात, तेव्हा मी नदीकाठी पसरलेला असे. तेहरानच्या बागेत पहुडलो तर समोर काचेच्या उंच इमारती आणि त्यांच्यामागे बर्फाचा डोंगर. एवढा मोठा देश मला बघायला मिळाला, याचा मला फार अभिमान आहे.

पुढे माझा रंग उडाला, झालर झिजली. नातेवाईक म्हणू लागले, "टाका आता हे लक्तर." माहरुख ऐकून घेई आणि मला उन्हात झटकी. आई गेल्यावर तिच्या हातचे एवढेच उरले होते.

आणि गेल्या वसंतात तेही जायची वेळ आली. इस्फहानच्या मोठ्या चौकात, निळ्या घुमटासमोरच्या हिरवळीवर मी पसरलो होतो. मारिका नावाची परदेशी मुलगी थांबली आणि शिकलेल्या फारसीत जपून म्हणाली, "किती सुंदर गालिचा आहे."

इरजने छातीवर हात ठेवला. "तुमचाच आहे."

आमच्याकडे कौतुकाला असेच उत्तर देतात. 'घर आपलंच समजा' म्हटले म्हणून कोणी किल्ल्या मागत नाही. मारिकाही रीतीने नको म्हणाली. इरजने पुन्हा आग्रह केला. ती पुन्हा नको म्हणाली. तिथे गप्प बसावे की नाही? पण इरजच्या जिभेला थांबा नाही. "घ्या हो, अगदी मनापासून."

दोनदा नको म्हणावे, तिसऱ्यांदाही आग्रह झाला तर तो खरा मानावा, असे तिला शिकवले होते. तिने आभार मानले, मला गुंडाळले आणि काखेत घेतले.

इरजचा चेहरा पांढराफटक पडला. दिलेला शब्द फिरवला तर अब्रू जाणार. माहरुख मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणारी नव्हे.

"चहा घेतल्याशिवाय कशी जाशील, पोरी? आणि गवतावर बसून काय चहा पितात? अंथर तो."

मी पुन्हा पसरलो. चहा ओतता ओतता माहरुख पुटपुटली, "मलाही देऊन टाकायचं होतंत, त्यातच गुंडाळून."

"मला वाटलं, ती नको म्हणेल."

"दोनदा म्हणाली की. तुम्ही ऐकलंत?"

मारिकाचे बोट माझ्या कोपऱ्यावर थांबले. "हा पक्षी असा लंगडा का?"

"तो विणताना आई तापानं फणफणली होती," माहरुख म्हणाली. "लग्न तोंडावर आलेलं. म्हणाली, पक्षी लंगडला तर लंगडू दे, पोर रिकाम्या हातानं जायला नको." ती नुसती पक्ष्यावरून हात फिरवत राहिली.

मारिकाने पेला खाली ठेवला. "हा तुमचाच आहे."

"छे गं, दिलेलं कुणी परत घेतं का?"

माझ्या धाग्याधाग्याला घाम फुटला. रीत ती रीत.

"घ्या ना."

"नको म्हटलं ना."

इरजने डोळे मिटून घेतले. मारिका एकदा त्याच्याकडे पाहून हसली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "घ्या..." तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत माहरुखने मला ओढून पोटाशी धरले. पेले गवतात कलंडले. माझा जीव भांड्यात पडला. मारिकाला पिस्त्यांची पिशवी मिळाली. तीही तिने दोनदा नको म्हणूनच घेतली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण कपाटात कोंडून नको. आम्हाला चार माणसांत, उन्हात, गवतावर बरे वाटते. मी अजूनही हिंडतो. अजूनही कोणीतरी थांबून मला सुंदर म्हणते. इरज छातीवर हात ठेवून तोंड उघडतो, आणि माहरुख त्यात साखरेचा खडा कोंबते.